प्रकल्प नोंदी: आयात केलेल्या मेशवर सीमेचे फेस निवडणं

३ जून

मॅनिफोल्डची (पाणी वाटून देणाऱ्या ठोकळ्याची) मेश आली, म्हणजे गणितासाठी त्याचे पाडलेले बारीक तुकडे. एकच नास्ट्रान फाइल (नास्ट्रान हे ताणाच्या गणिताचं सॉफ्टवेअर), आत दोन भाग: प्रॉपर्टी क्रमांक १ म्हणजे पाणी, २ म्हणजे धातूचा ठोकळा. सगळे चार नोडचे टेट, म्हणजे चार कोपऱ्यांचे (नोडचे) आणि चार त्रिकोणी बाजूंचे तुकडे. मूळ कॅड (संगणकावरचं आरेखन) मिळणार नाही. पाण्याचा प्रवाह आणि धातूतली उष्णता ओपनफोम या सॉफ्टवेअरमध्ये एकत्र सोडवायची, मग तेच तापमान घेऊन ठोकळ्यातला ताण डॉल्फिनएक्स या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये काढायचा, असं काम आहे.

लागणाऱ्या सीमा: एक इनलेट (पाणी आत येण्याचं तोंड, त्रिज्या २० मिमी), दोन आउटलेट (बाहेर जाण्याची तोंडं, त्रिज्या १२ मिमी), पाणी धातूला जिथे लागतं तो आतला पृष्ठभाग, हवेला उघडी असलेली बाहेरची बाजू, आणि चार बोल्टच्या डोक्यांखालची कडी.

फाइलमध्ये यातलं एकही नाव नाही. टेटसोबत पृष्ठभागाचे त्रिकोणही लिहिलेले असले तर त्यांच्या प्रॉपर्टी क्रमांकावरून सीमा आयत्या वेगळ्या होतात. इथे नुसते टेट. कॅडमध्ये फेस ही एक वस्तू असते, तिला कडा असतात, नाव देता येतं. मेशमध्ये सुटे त्रिकोण असतात आणि त्यातले कुठले मिळून एक फेस होतो हे ज्याचं त्याने ठरवायचं.

४ जून

फाइल वाचण्यातच दुपार गेली. नास्ट्रानच्या छोट्या स्वरूपात एका आकड्याला ८ स्तंभ मिळतात. त्यात दशांश बिंदू आला, उणे चिन्ह आलं. ११८.४७२१ पूर्ण बसतो, पण उणे बाजूला −११८.४७२ एवढंच मावतं. म्हणजे एकाच ठोकळ्याच्या डाव्या बाजूचे निर्देशांक उजवीपेक्षा दहापट भरड. 'एक्स बरोबर −११८.४७२१' अशी अट लिहिली तर एकही नोड सापडणार नाही. सहनमर्यादा ०.००१ मिमीच्या खाली नेण्यात अर्थ नाही.

दुसरी गंमत: घातांक लिहिताना नास्ट्रान 'ई' अक्षर गाळू शकतो. १.२३४५−५ म्हणजे १.२३४५ गुणिले १० चा −५ वा घात. पायथनचा फ्लोट यावर थेट चूक दाखवतो. आकड्याच्या मधोमध आलेल्या चिन्हाआधी 'ई' घालणारी दोन ओळींची पळवाट लिहिली.

एकक फाइलमध्ये कुठेच नसतं. आकडे बघता मिमी. ओपनफोममध्ये नेताना ०.००१ ने गुणायचं, आणि तेही अगदी शेवटी. सगळ्या तपासण्या मिमीमध्येच करणार.

५ जून

बाहेरचे फेस शोधायचा नियम सोपा आहे. प्रत्येक टेटचे चार फेस घ्या, प्रत्येकाचे तीन नोड क्रमांक चढत्या क्रमाने लावा आणि ती तिकडी किती वेळा येते ते मोजा. दोनदा आली तर फेस आतला, एकदा आली तर सीमेचा. तीनदा आली तर मेश बिघडलेली आहे, पुढे जायचं नाही.

आधी खेळण्यातल्या मेशवर चालवून पाहिलं. एका घनाचे ६ टेट केले की एकूण फेस २४, बाहेरचे १२, आतले ६. दुप्पट आतले अधिक बाहेरचे बरोबर चारपट टेट, हे समीकरण कुठल्याही निरोगी टेट मेशला लागू पडतं.

खऱ्या मेशवर समीकरण जुळलं, पण बाहेरचे फेस अपेक्षेपेक्षा फारच जास्त निघाले. पॅराव्ह्यूमध्ये (मेश पाहण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये) ठोकळा कापून पाहिला, तर पाणी आणि धातू यांच्यामधला सगळा पृष्ठभाग 'बाहेरचा' म्हणून आलेला, तोही दोनदा. दोन्ही भागांना त्या जागी आपापले वेगळे नोड आहेत. निर्देशांक तेच, क्रमांक वेगळे. समीकरण याबद्दल काहीच बोलत नाही. बोलते ती ऑयलर संख्या, म्हणजे शिरोबिंदू वजा कडा अधिक फेस. बंद पृष्ठभागासाठी ती २ वजा आरपार भोकांची दुप्पट. इथे पृष्ठभागाचे दोन तुकडे मिळाले. पाण्याची संख्या २, म्हणजे तोंडं बंद धरली तर एकसंध नळी. धातूची −१०: बोल्टची चार भोकं, शिवाय तीन तोंडांच्या बोगद्याची दोन, मिळून सहा. दोन्ही भाग स्वतंत्रपणे अगदी नीट आहेत, फक्त एकमेकांना चिकटलेले नाहीत. असंच सॉल्व्हरमध्ये घातलं असतं तर धातूला पाण्याची उष्णता कळलीच नसती आणि चुकीचा संदेशही कुठे आला नसता.

६ जून

नोड जोडले. निर्देशांक गोल करून जोडणं टाळलं, कारण दोन बिंदू कितीही जवळ असले तरी गोलाईच्या सीमारेषेच्या दोन बाजूंना पडू शकतात आणि मग सुटेच राहतात. पायथनच्या सायपाय लायब्ररीतल्या केडी-ट्रीने (जवळचे बिंदू शोधायची सोय) ०.०१ मिमीच्या आतल्या जोड्या काढल्या. सर्वांत लहान कड ०.४ मिमी आणि फाइलमधली गोलाई ०.००१ मिमी, त्यामुळे मर्यादा दोन्हींपासून लांब आहे.

जोडल्यावर एकच बाह्य पृष्ठभाग उरायला हवा, त्याची ऑयलर संख्या −६ (पाण्याने बोगदा भरला, उरली बोल्टची चार भोकं). तसा पृष्ठभाग मिळाला. पण सोबत आतमध्ये चार-चार त्रिकोणांचे काही सुटे तुकडेही मिळाले, प्रत्येकाची ऑयलर संख्या २. चार त्रिकोण, सहा कडा, चार नोड म्हणजे टेटच, फक्त चपटा, शून्य घनफळाचा. इंटरफेसवरच्या (पाणी-धातूच्या हद्दीवरच्या) एका चौकोनाला पाण्याच्या बाजूने एक कर्ण पडलाय आणि धातूच्या बाजूने दुसरा. नोड जुळतात, त्रिकोण जुळत नाहीत. नोड जोडून हे सुटणारं नाही.

संख्येने थोडे आहेत म्हणून सोडून द्यायचा मोह होतो. पण त्या प्रत्येक जागी उष्णतेचा रस्ता बंद होतो आणि चित्रात ते दिसतही नाही. मेश करणाऱ्या ताईंना फोन केला.

"ताई, पाणी-धातूच्या हद्दीवर दोन्हीकडचे त्रिकोण एकसारखे हवेत."

"आम्ही दोन्ही भागांची वेगवेगळी मेश करतो आणि मग एकत्र लिहितो. सामायिक पृष्ठभाग धरून पुन्हा करून देते, पण नोडचे, एलिमेंटचे सगळे क्रमांक बदलतील बरं का. आकारही थोडे बदलतील."

"बदलू देत."

हे 'बदलू देत' म्हणता आलं कारण अजून एकही फेस हाताने निवडलेला नाही. नवी मेश येईपर्यंत जुन्या मेशवर नियम पक्के करतो.

९ जून

आज कोनावर आधारलेली निवड तपासली. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ती असते: एका त्रिकोणावर क्लिक करा, शेजाऱ्याच्या नॉर्मलशी (पृष्ठभागाला लंब दिशेशी) असलेला कोन मर्यादेपेक्षा कमी असेल तर तो घ्या, मग त्याचे शेजारी, असं पसरत जा. अॅबॅकसमध्ये सुरुवातीची मर्यादा २० अंश असते. जीमेश या मेश करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, एसटीएल (नुसत्या त्रिकोणांची फाइल) पुन्हा मेश करण्याच्या उदाहरणात ४०. ओपनफोमच्या सरफेसफीचरएक्स्ट्रॅक्टच्या उदाहरणांत बहुधा १५० दिसतो, पण तो दोन त्रिकोणांमधला आतला कोन, म्हणजे नॉर्मलमधला फरक ३० अंश.

आपल्या मेशवर काय होतं ते आधी कागदावर मांडलं. बाहेरच्या कडांना फिलेट (गोलाई) आहे, ९० अंशांच्या वळणात ४ एलिमेंट (मेशचे तुकडे). म्हणजे फिलेटच्या दोन पट्ट्यांमध्ये २२.५ अंश, आणि सपाट बाजू व पहिली पट्टी यांच्यात त्याच्या निम्मे, ११.२५. बोल्टच्या भोकाला १२ भाग, म्हणजे ३० अंश. इनलेटच्या नळीला २४ भाग, म्हणजे १५.

आता मर्यादा निवडा. २० ठेवली तर नळी अखंड मिळते, बोल्टचं भोक बारा पट्ट्यांत फुटतं आणि ठोकळ्याच्या सपाट बाजूला फिलेटची एकेक पट्टी फुकट चिकटते. २५ ठेवली तर फिलेट ओलांडून निवड सगळ्या ठोकळ्यावर पसरते. ३५ ठेवली तर बोल्टचं भोक एकसंध होतं, पण तोवर बाहेरची बाजू कधीच एक झालेली असते. ओपनफोमचं ऑटोपॅच (कोनावरून सीमा पाडणारं साधन) चालवून पाहिलं. ऑटो०, ऑटो१ अशी नावं घेऊन नेमकं हेच बाहेर आलं. सगळ्यांना चालेल असा एकही कोन नाही.

आणि ही या मॅनिफोल्डची खोड नव्हे. इथला कोन आकाराचा नसतोच, तो आकार आणि मेशची बारीकी यांचा मिळून असतो. फिलेटची त्रिज्या तीच ठेवून मेश बारीक केली की कोन कमी होतो. म्हणून 'कोन २०, इनलेटवर क्लिक' अशी नोंद कागदपत्रांत ठेवणं मला पटत नाही. पुढच्या मेशवर ती वेगळंच काहीतरी निवडेल.

काही प्रोग्रॅम शेजाऱ्याऐवजी पहिल्या त्रिकोणाच्या नॉर्मलशी तुलना करायची सोय देतात. सपाट फेससाठी ते उत्तम, गळती होत नाही. नळीवर मात्र क्लिक केलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना २०-२० अंशांची फाक तेवढी मिळते.

१० जून

इनलेटचा मुद्दा तर कोनाच्या पलीकडचा निघाला. पाण्याचं वर्तुळ आणि भोवतालच्या धातूच्या फ्लॅंजचा (जोडणीच्या रुंद कडेचा) चेहरा एकाच प्रतलात आहेत. नॉर्मल तोच, कोन शून्य. कोनाची मर्यादा कितीही आवळा, दोन्ही एकच फेस म्हणून येणार. डोळ्याने बघून बॉक्स ओढला तर वर्तुळाच्या काठावरचे धातूचे काही त्रिकोण येतात किंवा पाण्याचे सुटतात.

पण प्रत्येक सीमेच्या फेसला एकच मालक टेट असतो आणि त्या टेटला प्रॉपर्टी क्रमांक असतो. मालक पाणी असेल आणि फेस बाहेरचा असेल तर तो तीन तोंडांपैकीच कुठला तरी असणार. कोन नको, बॉक्स नको. मग त्या फेसची जोडलेली तीन बेटं वेगळी करायची आणि मध्यबिंदूवरून इनलेट, आउटलेट ठरवायचं. पाणी-धातूचा पृष्ठभाग तर त्याहून सोपा: फेस आतला, दोन मालक, एकाचा क्रमांक १, दुसऱ्याचा २. 'सीमेवर आहे का' असं विचारणारं कुठलंही साधन हा पृष्ठभाग कधीच दाखवणार नाही, कारण जोडलेल्या मेशमध्ये तो सीमेवर नसतोच.

उरलेलं सगळं, म्हणजे मालक धातू आणि फेस बाहेरचा, ती हवेची बाजू. फिलेटचा प्रश्नच मिटला. ती कुठे सुरू होते याच्याशी आपल्याला काही देणंघेणं नाही.

आतले कोपरे, फिलेट, पट्ट्या यांच्यामागे लागण्याआधी प्रत्येक सीमेला भौतिक अर्थ काय आहे हे विचारावं. बऱ्याच वेळा उत्तर आकारात नसतं, पदार्थात असतं.

पायथन न वापरता हेच ओपनफोमच्या टोपोसेटने होतं: सेलझोनवरून (पदार्थाप्रमाणे केलेल्या टेटच्या गटावरून) सेलसेट, त्यावरून फेससेट, मग सीमेच्या फेसशी छेद, हवं तर नॉर्मलटूफेसने दिशा, आणि शेवटी क्रिएटपॅच. मला मिमीमध्ये तपासण्या करायच्या आहेत म्हणून पायथन बरं.

११ जून

क्षेत्रफळाची तपासणी लिहिली. मला वाटतं निवडीच्या साधनात सर्वांत उपयोगी भाग हाच, आणि बहुतेक ठिकाणी तो नसतो.

इनलेटचं आदर्श क्षेत्रफळ १२५६.६ चौ. मिमी. मेशमध्ये वर्तुळ म्हणजे २४ बाजूंचा बहुभुज, त्याचं क्षेत्रफळ १२४२.३, म्हणजे १.१४ टक्के कमी. निवडीतून आलेला आकडा तोच. आउटलेटला १६ बाजू: आदर्श ४५२.४, बहुभुज ४४०.९, कमतरता अडीच टक्क्यांच्या वर. एक त्रिकोण जरी चुकून आत आला किंवा सुटला तरी आकडा हलतो. शिवाय क्षेत्र-सदिशांची बेरीज: सपाट फेसवर तिची लांबी आणि क्षेत्रफळांची साधी बेरीज सारखी यायला हवी. न आली तर एखादा नॉर्मल उलटा आहे किंवा वक्र भाग घुसलाय. नॉर्मल फाइलमधल्या क्रमावर न सोडता मालक टेटच्या चौथ्या नोडपासून दूर जाणारा असा स्वतः काढलाय.

क्षेत्रफळ कमी पडल्याचा आणखी एक परिणाम. सीमेवर वेग दिला तर प्रवाह तेवढाच कमी पडतो. इनलेटला वेगाऐवजी प्रवाहाचा दर देणार. ओपनफोमची फ्लोरेटइनलेटव्हेलॉसिटी अट पॅचच्या (सीमेच्या नाव दिलेल्या भागाच्या) प्रत्यक्ष क्षेत्रफळाने भागून वेग काढते.

१२ जून

डॉल्फिनएक्समध्ये नुसत्या पाण्याची झटपट चाचणी. तिथल्या लोकेट-एंटिटीज-बाउंड्रीला निर्देशांकांची अट द्यायची असते आणि ज्या फेसचे सगळे शिरोबिंदू ती अट पाळतात तो फेस निवडला जातो. 'अक्षापासून अंतर २० मिमी' अशी भिंतीची अट दिली तर भिंत येतेच, पण इनलेटच्या वर्तुळातले ज्यांचे तिन्ही नोड परिघावर आहेत असे काठाचे त्रिकोणही येतात. मग इनलेटच्या कडेला मधूनच वेग शून्य. भोकाभोवतीच्या सपाट बाजूला असं होत नाही, कारण तिन्ही टोकं परिघावर असलेला त्रिकोण वर्तुळाच्या आतच असतो, बाहेर नाही. इलाज: टॅग (कुठला फेस कुठल्या सीमेचा हे सांगणारे क्रमांक) आधीच लिहून द्यायचे, डॉल्फिनएक्सला शोधायला लावायचंच नाही.

जुन्या डॉल्फिनमध्ये (डॉल्फिनएक्सच्या आधीच्या सॉफ्टवेअरमध्ये) तुलनेची सहनमर्यादा ३ गुणिले १० चा −१६ वा घात असायची. आठ स्तंभांच्या फाइलसमोर ती ठेवून पाहण्यातही अर्थ नाही.

१३ जून

लिहिण्याचं स्वरूप ठरलं: जीमेशचं २.२. साधं, मजकूर स्वरूपातलं, प्रत्येक एलिमेंटच्या ओळीत प्रकार (त्रिकोण २, टेट ४), टॅगची संख्या, टॅग, मग नोड. पहिला टॅग भौतिक गटाचा, नावं वेगळ्या खंडात. जीमेशटूफोम घनफळाच्या गटांचे सेलझोन आणि पृष्ठभागाच्या गटांचे पॅच करतं, नावासकट. त्यानंतर स्प्लिटमेशरीजन्स सेलझोनप्रमाणे पाणी आणि धातू वेगळे करून मधल्या पृष्ठभागाचे दोन्हीकडचे पॅच स्वतः बनवतं, म्हणजे तो पृष्ठभाग मला लिहावाही लागत नाही.

ज्या फेसला गट नाही ते सगळे डिफॉल्टफेसेस नावाच्या पॅचमध्ये जाऊन बसतात. त्यात एक जरी फेस असला तर स्क्रिप्टने थांबायचं, असं घातलं.

१७ जून

नवी मेश आली. सामायिक इंटरफेस, चपटे तुकडे शून्य, बाह्य पृष्ठभाग एकच, ऑयलर संख्या −६. क्रमांक अर्थातच सगळे नवे.

इनलेटला आता ३२ भाग आहेत. बहुभुजाचं क्षेत्रफळ १२४८.६ यायला हवं, तेच आलं. स्क्रिप्टमध्ये ठरावीक आकडा नव्हता, परिघावरच्या नोडांची संख्या मोजून अपेक्षित क्षेत्रफळ काढलं जातं, म्हणून काही बदलावं लागलं नाही. तिन्ही तोंडं सापडली, डिफॉल्टफेसेस रिकामा.

फिलेटमध्ये आता ६ एलिमेंट, म्हणजे पट्ट्यांमध्ये १५ अंश. मुद्दाम २० अंशांची क्लिक करून पाहिली. जुन्या मेशवर पहिल्या पट्टीशी थांबणारी निवड इथे थेट सगळ्या ठोकळ्यावर पसरली.

१८ जून

बोल्टची कडी. एम८ बोल्ट, भोक ९ मिमी, डोकं १३ मिमी व्यासाचं, म्हणजे ४.५ ते ६.५ मिमी त्रिज्येचं कडं, ६९.१ चौ. मिमी. इथे पदार्थाचा नियम कामाचा नाही. कडं आणि भोवतालची सपाट बाजू दोन्ही धातू, दोन्ही एकाच प्रतलात, आणि मेशमध्ये ६.५ च्या वर्तुळावर कडाही नाहीत. निवडीची सीमा दातेरीच येणार.

तीन नियम लावून पाहिले. तिन्ही शिरोबिंदू कड्यात असायला हवेत असं म्हटलं तर जेमतेम ४० चौ. मिमी हाती येतं, कारण कड्याची रुंदी एका एलिमेंटएवढीच आहे. एक शिरोबिंदू असला तरी पुरे म्हटलं तर ११० च्या वर. त्रिकोणाचा मध्यबिंदू कड्यात असला तर घ्या असं म्हटलं तर चारही ठिकाणी ६९ च्या आसपास, थोडं इकडे तिकडे. तिसरा नियम ठेवला.

दाब मात्र कागदावरच्या क्षेत्रफळाने काढणार नाही. बोल्टचं बल ठरलेलं आहे, ते प्रत्येक कड्याच्या प्रत्यक्ष निवडलेल्या क्षेत्रफळाने भागायचं, म्हणजे एकूण बल नेमकं राहतं. दातेरी कड्याचा मध्य बोल्टच्या अक्षापासून सरकला तर नसलेलं आघूर्ण तयार होतं, म्हणून तेही तपासलं: चारही ठिकाणी सरक ०.२ मिमीच्या आत. डोक्याच्या अगदी खालचा स्थानिक ताण या मेशवर वाचायचा नाही, हे अहवालात स्पष्ट लिहिणार. तो हवा असेल तर मेश करतानाच वर्तुळ उमटवून घ्यावं लागेल. ताईंना तसं कळवलंय.

२० जून

ताणाच्या मेशमध्ये फक्त क्रमांक २ चे टेट लिहिले. त्यामुळे पाण्याचा पृष्ठभाग तिथे बाहेरचा झाला आणि त्याला वेगळा टॅग द्यावा लागला, दाब तिथेच लावायचाय. त्या मेशची ऑयलर संख्या पुन्हा −१०, अपेक्षेप्रमाणे.

उष्णतेचं पहिलं गणित चालू केलंय. ताणासाठी दहा नोडचे टेट हवे आहेत. फेस ओळखायची तिकडी कोपऱ्याच्या नोडांचीच राहील, पण वाचताना मधले सहा नोड आत्ता गळतात, ते सोमवारी बघतो.